पहिला डीएसएलआर : निकॉन डी३५०० की कॅनन २००डी मार्क २?

तिसरा_मजला
नमस्कार मंडळी. माझी मुलगी गेली चार वर्षे कथक शिकते आहे आणि वर्षातून दोनदा तिचे रंगमंचावर कार्यक्रम होतात. फोनवर काढलेल्या छायाचित्रांत तिचा चेहरा म्हणजे एक पांढरा ठिपका आणि हात म्हणजे धूसर रेघ, याखेरीज काही येत नाही. दुसरा छंद माझा स्वतःचा : रविवारी पहाटे गिरगावातून निघून शिवडीच्या धक्क्यावर रोहित पक्षी पाहणे. या दोन कामांसाठी आयुष्यातला पहिला डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला आणि लेन्स बदलता येणारा कॅमेरा, घ्यायचा आहे. सर्व मिळून ३५ हजार रुपये बाजूला काढले आहेत, त्यामुळे वापरलेलाच घ्यावा लागेल.

दोन पर्याय समोर आहेत. एक निकॉन डी३५००, सोबत १८-५५ आणि ७०-३०० मि.मी. (आकडा मोठा तितके दूरचे जवळ दिसते) अशा दोन लेन्स, मागणी २८ हजार. दुसरा कॅनन २००डी मार्क २, सोबत फक्त १८-५५, मागणी ३७ हजार. कागदावर दोघे सख्खे भाऊ वाटतात : दोन्ही २४ मेगापिक्सेलचे, दोन्ही सेकंदाला पाच छायाचित्रे काढणारे, दोघांचा आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता) २५,६०० पर्यंत. आमच्या कपाटात दिवंगत काकांची निकॉनची एक ५० मि.मी. लेन्स आहे, म्हणून घरचे मत निकॉनकडे झुकलेले आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे. ‘मिररलेस (बिनआरशाचा) घ्या’ असे मात्र कृपया कोणी सुचवू नये.

पुढचा_डबा
मिररलेस घ्या.

हिशेबनीस
पहिल्याच प्रतिसादात व्हायचे ते झाले. आता मूळ प्रश्नाकडे वळू.

डी३५०० हा २०१८ सालचा, २००डी मार्क २ हा २०१९ सालचा, तेव्हा वयात फारसा फरक नाही. निकॉनमध्ये फोकसचे ११ बिंदू आहेत, कॅननमध्ये ९. बॅटरी एकदा भरली की निकॉनची प्रमाणित क्षमता १५५० छायाचित्रांची आणि कॅननची १०७० ची. दिवसभराच्या कार्यक्रमाला दोन्ही पुरतील. कॅननचा पडदा उघडून हवा तसा फिरवता येतो आणि त्याला स्पर्श कळतो, निकॉनचा पडदा पाठीला चिकटलेला आहे आणि बोट लावले तर फक्त ठसा उमटतो. कॅननमध्ये वाय-फाय आहे, निकॉनमध्ये केवळ ब्लूटूथ, त्यामुळे छायाचित्रे फोनवर यायला वेळ लागतो.

परंतु तुम्हाला पक्षी टिपायचे आहेत. कॅनन घेतलात तर ५५-२५० लेन्स वेगळी घ्यावी लागेल आणि हिशेब ३५ हजारांवरून सरळ पंचेचाळिसाकडे जाईल. ज्याच्या पिशवीत हवी ती लेन्स आधीच आहे, तो कॅमेरा घ्यावा. माझे मत निकॉनला.

भिजलेली_छत्री
हिशेबनीस यांचे आकडे बरोबर आहेत, निष्कर्षाशी मी सहमत नाही. मुलीचा कार्यक्रम म्हटला की आजी-आजोबांना छायाचित्रापेक्षा अख्ख्या नाचाचा व्हिडिओ हवा असतो, हा माझा दोन मुलींच्या मागे धावून झालेला अनुभव आहे. पडद्यावर पाहून चित्रण करताना कॅननचा ड्युअल पिक्सेल फोकस चेहरा धरून ठेवतो. डी३५०० त्या वेळी पुढे-मागे चाचपडतो आणि नेमका गिरकीच्या क्षणी मागचा पडदा स्पष्ट करून देतो. शिवाय कॅननला बाहेरचा माइक जोडता येतो, डी३५०० ला ती सोयच नाही.

एक खुलासा करते. कॅननच्या खोक्यावर ‘४के’ लिहिलेले पाहून हुरळून जाऊ नये. ४के चित्रण करताना चौकट आणखी कापली जाते आणि ड्युअल पिक्सेल फोकसही चालत नाही. फुल एचडीवरच ठेवावे.

तिसरा_मजला
व्हिडिओचा मुद्दा डोक्यात आला नव्हता. मात्र त्यांच्या संस्थेत एक गृहस्थ तिपाईवर कॅमेरा लावून संपूर्ण कार्यक्रमाचे चित्रण करतात आणि सर्व पालकांना देतात. मला स्थिरचित्रेच हवी आहेत.

काळोखी_खोली
धागाकर्ते, काकांच्या लेन्सविषयी कोणीच काही विचारले नाही, म्हणून विचारतो. तिच्या पुढच्या कड्यावर नेमके काय कोरलेले आहे? तिला अ‍ॅपर्चरचे फिरणारे कडे (आत किती प्रकाश येईल ते ठरवणारे) आहे का? हे कळेपर्यंत त्या लेन्सच्या भरवशावर निकॉन घेण्याचे ठरवू नका.

कारण सांगतो. निकॉनचा एफ माउंट, म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स बसवायची जोडणी, १९५९ पासून चालत आला आहे. ऑटोफोकस आल्यावर निकॉनने तोच माउंट कायम ठेवला आणि फोकसची मोटर कॅमेऱ्याच्या अंगात बसवली. माउंटमधून स्क्रू-ड्रायव्हरसारखा एक छोटा दांडा बाहेर डोकावतो आणि लेन्समधली खाच फिरवतो. कॅननने १९८७ मध्ये जुना माउंट मोडीत काढून ईएफ आणला आणि मोटर प्रत्येक लेन्समध्येच घातली. तेव्हा ज्यांच्या जुन्या लेन्स निकामी झाल्या त्यांनी कंपनीला भरपूर बोल लावले. पण त्याचा लाभ असा की १९८७ ची ईएफ लेन्स २००डी मार्क २ वर आजही आपोआप फोकस करते. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांत तो दांडाच नाही. त्यांना मोटर असलेल्या, म्हणजे एएफ-एस किंवा एएफ-पी असे लिहिलेल्याच लेन्स लागतात.

तिसरा_मजला
कपाटातून लेन्स काढली. कड्यावर ‘एएफ निक्कोर ५० मि.मी. १:१.८ डी’ असे आहे. फिरणारे कडे आहे आणि त्यावर १.८ पासून २२ पर्यंत आकडे आहेत, त्यांतला २२ नारिंगी रंगात. मागच्या बाजूला पाहिले तर एक बारीक खाच दिसते, आपण म्हणता तीच असावी. आणखी एक दिसले, ते सांगायला जड जाते आहे. आतल्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे काहीतरी पसरले आहे. पुसून जात नाही.

काळोखी_खोली
ती बुरशी. मुंबईतल्या कपाटात लेन्स ठेवली आणि पाच-सहा पावसाळे तिच्याकडे पाहिले नाही की हेच होते. कातडी पाकिटात ठेवली असेल तर अधिकच, कारण कातडे ओल धरून ठेवते. खोलीत अंधार करा, लेन्सचे अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा आणि मागून टॉर्च तिरकी धरून पाहा. जाळे फक्त कडेला असेल तर छायाचित्रावर फारसा परिणाम होत नाही, समोरून दिवा आला तर थोडे धुके येते. मधोमध पोहोचले असेल, किंवा काचेवरचा थर त्याने खाल्ला असेल, तर साफ करूनही खूण राहते.

साफ होण्याजोगी असल्यास ती डी३५०० वर लागेल, प्रकाशाचे मापनही होईल, फक्त फोकस हाताने करावा लागेल. दर्शिकेत डाव्या कोपऱ्यात हिरवा ठिपका असतो. विषय स्पष्ट झाला की तो स्थिर राहतो.

पुढचा_डबा
आता मला तीन ओळी तरी लिहू द्याल अशी आशा आहे. कॅननचा शेवटचा नवा डीएसएलआर ८५०डी आणि निकॉनचा शेवटचा डी६, दोन्ही फेब्रुवारी २०२० मधले. त्यानंतर या दोन कंपन्यांनी या प्रकारात नवे काही आणलेले नाही. मावळत्या माउंटमध्ये आज पैसे घालणे म्हणजे बंद होणाऱ्या गिरणीत नोकरी धरण्यासारखे आहे. थोडे थांबून निकॉन झेड३० किंवा कॅनन आर५० घ्या.

हिशेबनीस
गिरणीची उपमा गिरगावातल्या माणसाला लागेल अशी आहे, पण लागू पडत नाही. नोकरीचा पगार बंद होतो, लेन्स बंद होत नाही. उलट सगळे मिररलेसकडे पळत असल्यामुळेच जुन्या माउंटच्या उत्तम लेन्स वापरलेल्या बाजारात स्वस्त येत आहेत. ३५ हजारांत आर५० आणि पक्ष्यांसाठी लेन्स, हे गणित कोणी मांडून दाखवावे.

काळोखी_खोली
शिवाय झेड मालिकेवर जुन्या लेन्स लावण्यासाठी निकॉनचे जे एफटीझेड जोडकडे आहे, त्यातही तो दांडा नाही. काकांची लेन्स तिथेही हातानेच फिरवावी लागेल.

समेवर
मी स्वतः कथक शिकले आहे आणि गेली काही वर्षे मैत्रिणींच्या कार्यक्रमांची छायाचित्रे काढते. इथे सगळे बॉडीवर भांडत आहेत, पण रंगमंचाचा प्रश्न बॉडीचा नाही.

कॅमेऱ्यासोबतची १८-५५ ची किट लेन्स ५५ मि.मी. वर नेली की तिचे सर्वांत मोठे उघडणे एफ/५.६ (हा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त). एफ/१.८ ला सुमारे साडेनऊपट प्रकाश आत येतो. म्हणजे ज्या प्रकाशात आयएसओ ६४०० ठेवूनही किट लेन्सला १/६० सेकंदाचा शटरवेग मिळतो, तिथे ५० मि.मी. ला जवळजवळ १/५०० मिळू शकतो, किंवा १/१२५ वर समाधान मानून आयएसओ १६०० वर आणता येतो. हा फरक दोन्ही कॅमेऱ्यांच्या सेन्सरमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे. तेव्हा कोणताही घ्या, पण एफ/१.८ ची एक लेन्स हवीच.

चेहरा पांढरा ठिपका का येतो, तेही सांगते. मागे काळा पडदा आणि मुलीवर एकच झोत. कॅमेरा सगळ्या चौकटीची सरासरी काढतो, काळोख भरपूर दिसला की चित्र उजळ करायला जातो, आणि त्यात चेहरा जळतो. मापन ‘स्पॉट’वर ठेवून चेहऱ्यावरून घ्यावे, नाहीतर पहिल्या दोन मिनिटांत पाहून एम मोडवर (सगळे हाताने ठरवायचे) आकडे पक्के करावेत. दिव्याचा रंग बदलला तरी घाबरू नये.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. सेकंदाला पाच छायाचित्रे, म्हणून बटण दाबून धरायचे आणि नंतर निवडायचे, असे बहुतेक पालक करतात. द्रुत लयीत मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर एक मात्रा पाव सेकंदाची होते, आणि तुमच्या दोन छायाचित्रांत अंतर एक पंचमांश सेकंदाचे. हवा तो क्षण बरोबर दोहोंच्या मधल्या फटीतून निसटतो. त्याऐवजी तिहाई ऐका. तोच बोल तीनदा येतो, तिसऱ्याचा शेवटचा ‘धा’ समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडतो आणि नाचणारी तिथे थांबते. मान वळलेली, हात पूर्ण ताणलेला, नजर ठरलेली. त्या एका क्षणाला १/१२५ सुद्धा पुरतो. मात्र ‘धा’ ऐकून बटण दाबलेत तर उशीर झालेला असतो, टाळी देतो तसे समेबरोबर दाबायचे. मुलगी चार वर्षे घरात रियाज करते आहे, म्हणजे तिचे तोडे तुम्हालाही पाठ झालेले असणार.

तिसरा_मजला
समेवर, हा प्रतिसाद मी मुलीला वाचून दाखवला. तिचे म्हणणे असे पडले की बाबांना सम सापडत नाही, त्यांची टाळी नेहमी खालीवर येते.

भिजलेली_छत्री
मग बटण मुलीच्या आईकडे द्यावे.

शिवडीचा_चिखल
पक्ष्यांपुरते लिहितो. निकॉनसोबतची ७०-३०० एएफ-पी असेल, तर तिच्यावर ‘व्हीआर’ ही अक्षरे आहेत का ते आधी पाहा. हीच लेन्स कंपनविरोधी सोयीसह आणि सोयीविना अशा दोन रूपांत आली होती, आणि लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. व्हीआरचे बटण लेन्सवर नाही, मेनूत आहे, त्यामुळे बटण नाही म्हणून सोय नाही असे समजू नये. ३०० मि.मी. चे दृश्य निकॉनवर ४५० मि.मी. इतके दिसते, कॅननची २५० मि.मी. ४०० इतकी. शिवडीला तरीही दोन्ही कमीच पडतील. भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून जा. ओहोटीला पक्षी चिखलावर दूर पांगलेले असतात आणि पाणी चढू लागले की धक्क्याकडे सरकतात. कॅमेऱ्यावर दहा हजार जास्त घालण्यापेक्षा वेळ साधणे स्वस्त पडते.

मोरावळा
घरगुती समारंभांसाठी फ्लॅश वापरायचा विचार असेल तर एक बाब ध्यानात ठेवावी. २००डी मार्क २ च्या वरच्या फ्लॅशच्या खोबणीत मधली पिन दिलेली नाही. त्यामुळे मधल्या पिनेवरच चालणारे साधे, स्वस्त फ्लॅश आणि ट्रिगर त्यावर पेटत नाहीत. डी३५०० वर पेटतात. रंगमंचावर मात्र फ्लॅश कोणत्याच कॅमेऱ्याने मारू नये. पुढच्या रांगेतला एक उत्साही बाप आमच्या नाट्यगृहातून बाहेर काढलेला मी पाहिला आहे.

भिजलेली_छत्री
वापरलेला घेताना माझी झालेली फसवणूक सांगते, म्हणजे धागाकर्ते वाचतील. मी एका दुकानातून ‘घरगुती वापराचा, अगदी नव्यासारखा’ कॅमेरा घेतला. बाहेरून खरोखर नवा होता, रबरी पकड नुकतीच चिकटवलेली. दोन महिन्यांनी शटर अडकले. दुरुस्ती करणाऱ्याने आकडा काढून दाखवला, तेव्हा कळले की तो एखाद्या लग्नाच्या छायाचित्रकाराने पिळून काढलेला होता. दुकानदाराने हात वर केले.

निकॉनच्या बाबतीत हे तपासणे सोपे आहे. एक छायाचित्र काढून मूळ फाइल संगणकावर घ्या, शटर किती वेळा उघडले तो आकडा फाइलच्या माहितीतच असतो. कॅनन तो आकडा फाइलमध्ये लिहीत नाही, तो काढायला कॅमेरा केबलने जोडून वेगळी आज्ञावली चालवावी लागते. माझे मत अजूनही कॅननलाच आहे, पण प्रामाणिकपणे सांगायचे तर या एका बाबतीत निकॉन पुढे आहे.

तिसरा_मजला
शनिवारी कार्यालय सुटल्यावर बोरा बाजारात गेलो. दोन्ही कॅमेरे एकाच गल्लीत दोन दुकानांत होते, त्यामुळे हातात घेऊन पाहता आले. वजनात फरक जेमतेम ३०-३५ ग्रॅमचा आहे. पण निकॉनची पकड खोल आहे आणि माझी चारही बोटे त्यात बसली. कॅननची बॉडी आखूड असल्याने करंगळी खाली लटकत राहिली. हा मुद्दा कोणत्याही तक्त्यात वाचला नव्हता. कॅननचा पडदा मात्र खरोखर सुरेख आहे, पाच मिनिटे तोच उघडझाप करत बसलो.

डी३५०० चा शटरचा आकडा नऊ हजारांच्या आत निघाला. दुकानदाराने स्वतःच संगणक पुढे केला, म्हणून थोडा विश्वास बसला. ७०-३०० वर व्हीआर आहे. मग काकांची लेन्स लावून पाहिली तर कॅमेरा अडून बसला. शटर उघडेना आणि पडद्यावर ‘एफ-ई-ई’ अशी अक्षरे लुकलुकू लागली. दुकानदार म्हणाला, लेन्स मेली आहे, टाकून द्या, माझ्याकडची नवी घ्या. मी काही न घेता परत आलो. खरोखर मेली असेल का?

काळोखी_खोली
लेन्स जिवंत आहे. अ‍ॅपर्चरचे कडे त्या नारिंगी २२ वर आणा आणि शेजारची बारीक खुंटी सरकवून तिथेच अडकवून टाका. आताचे कॅमेरे अ‍ॅपर्चर स्वतः ठरवतात. कडे दुसऱ्या आकड्यावर असले की ते ‘एफ-ई-ई’ दाखवून काम थांबवतात. दुकानदाराला हे ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

तिसरा_मजला
सोमवारी पुन्हा गेलो आणि कडे २२ वर अडकवले. शटर उघडले. दुकानदाराने चहा मागवला आणि २८ चे २६ हजार केले. डी३५०० घेतला. उरलेल्यांतून मेमरी कार्ड घेतले आणि काकांची लेन्स साफ करायला टाकली. मोटर असलेली ५० मि.मी. सध्या घेत नाही, दिवाळीनंतर पाहू.

पुढचा_डबा
अभिनंदन. पुढचा कॅमेरा मिररलेस घ्या.

तिसरा_मजला
बऱ्याच दिवसांनी धागा वर आणतो आहे, कारण काल कार्यक्रम झाला. लेन्स साफ होऊन आली आहे, कडेला एक फिकट रेघ राहिली, मध्य स्वच्छ आहे. तिसऱ्या रांगेत बसलो होतो. एम मोड, एफ/२.२, १/१६०, आयएसओ १६००, मापन चेहऱ्यावरून. एकूण २१४ छायाचित्रे काढली. हाताने फोकस करताना हिरवा ठिपका पाहू की मुलीला पाहू, असे होऊन सुरुवातीची शंभरएक वाया गेली. नंतर तिच्या उभे राहण्याच्या जागेवर आधीच फोकस करून ठेवला, ठिपक्याकडे पाहणे सोडले आणि तिहाई मोजू लागलो. कामाची अकरा निघाली. त्यांतल्या एकात ती समेवर थांबली आहे आणि ओढणीचे टोक अजून हवेत आहे. मुलीचे मत असे की त्यातही मी अर्धी मात्रा उशिरा आहे.

आता एक नवा प्रश्न आहे. काळोखी_खोली यांनी घाबरवल्यामुळे दोन्ही लेन्स आणि कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलचे निळे दाणे घालून ठेवले होते. या पावसात आठवड्यातच ते गुलाबी झाले आहेत. भाजून पुन्हा निळे होतात असे ऐकले, म्हणून तवा मागितला, तर घरात एकमताने नकार मिळाला.

काळोखी_खोली
घरच्यांचे बरोबर आहे. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असते, ते पोळीच्या तव्यावर मुळीच नको. एखादे जुने, पुन्हा स्वयंपाकात न येणारे भांडे घ्या, आच अगदी मंद ठेवा, खिडकी उघडी ठेवा आणि दाणे पूर्ण गार झाल्यावरच डब्यात घाला. शक्य असेल तर पुढच्या वेळी नारिंगी दाणे आणा, ते ओल धरली की हिरवे होतात. आणि डब्यात एक छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० च्या मध्ये असावा.

हिशेबनीस
आर्द्रतामापक धरून एकूण खर्च किती झाला, तेही लिहावे.